व्यसनमुक्तीचा उपचार केंद्राच्या दारात थांबू नये

महोदय,

२६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन जवळ आला की शाळा-महाविद्यालयांत व्यसनमुक्तीच्या शपथा दिल्या जातात. त्यांना माझा विरोध नाही. परंतु नागपुरात व्यसनी व्यक्तींचे व त्यांच्या कुटुंबीयांचे समुपदेशन करताना मला सतत जाणवते की, ज्यांना व्यसन जडले आहे त्यांचे शपथेने भागत नाही आणि महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहूनही भागत नाही.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर हात थरथरतात, झोप उडते, फिट येऊ शकते, भास होतात, प्रसंगी जिवावरही बेतते. म्हणून सुरुवातीचे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच जायला हवेत. घरात कोंडून दारू सोडवण्याचे प्रयोग कृपया कुणी करू नयेत. शरीर सावरले तरी पगाराचा दिवस, नेहमीचा गुत्ता, थकलेली देणी आणि घरातला अविश्वास हे सारे बाहेर जसेच्या तसे असते. तलफ कशाने येते, आली की ती वेळ कशी निभवावी, सोबत्यांना नकार कसा द्यावा, हे पुन्हा पुन्हा बोलून आणि सराव करूनच जमते, आणि त्याला कित्येक महिने लागतात. मध्ये एकदा पाय घसरला की 'हा काही सुधारायचा नाही' असे म्हणून घरचेच त्याला समुपदेशनाला आणणे बंद करतात. साखर वाढली म्हणून मधुमेहाच्या रुग्णाचे औषध आपण कधी थांबवतो का?

घरच्यांनाही समुपदेशनाची तितकीच गरज असते. कामावर खोटे निरोप धाडणारी पत्नी, लेकाची उधारी फेडणारी आई यांची माया खरी असते, पण त्या मायेनेच व्यसनाला मुदत मिळत जाते. हतबल झालेल्या अशा घरांना 'नकळत जेवणातून द्या' म्हणून औषधे विकली जातात. त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारू पोटात गेली की तीव्र त्रास घडवणारे औषध, असेल आणि रुग्ण त्यावर दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळून मृत्यूही ओढवू शकतो. खर्ऱ्याला, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाला, तर आपल्याकडे व्यसन मानतच नाहीत. तोंड उघडेनासे झाल्यावर लोक धावत येतात.

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणतीतरी मदत मिळाली होती. नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स या सरकारी रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. परंतु कळमन्याच्या बाजारात हमाली करणाऱ्याने दर आठवड्याला सकाळच्या ओपीडीसाठी रोजी बुडवावी, अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. महापालिकेने आपल्या दवाखान्यांत आठवड्यातून किमान दोन संध्याकाळी प्रशिक्षित व्यसनमुक्ती समुपदेशक बसवावा, केंद्रातून घरी परतलेल्यांचा वर्षभर पाठपुरावा त्याच्याकडे सोपवावा आणि हे पद दर वर्षी संपणाऱ्या कंत्राटावर ठेवू नये, कारण मोठ्या मुश्किलीने बोलता झालेला माणूस दर वेळी नव्या चेहऱ्यासमोर पहिल्यापासून सगळे सांगत नाही.

तोपर्यंत १४४४६ या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशन मिळू शकते. रुग्ण तयार नसला तरी घरच्यांनी तेथे जरूर बोलावे.

आपला नम्र,
एक समुपदेशक, नागपूर