काका, तुमचा पेचकस माझ्याच गाडीत राहिला

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

माझ्या पिकअपचा हीटर तुम्ही चालू करून दिलात, पण समोर आभार मानले की तुम्ही "चहा टाक आधी" म्हणून विषय मोडता, म्हणून हे असं सगळ्यांदेखत लिहिते आहे.

डबऱ्याच्या त्या लग्नाच्या नाश्त्याची ऑर्डर तुम्हाला ठाऊकच आहे. पहाटे साडेचारला आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून पिकअप काढली, झाशी रोडला लागले आणि पुढे नुसतं दूध ओतल्यासारखं धुकं. बाहेरचं धुकं परवडलं, पण आत आमच्या दोघांचे श्वास आणि मांडीवरच्या चहाच्या थर्मासची वाफ. काच सारखी पांढरी होई. मुलगा वर्तमानपत्राने पुसतोय, मी खिडकीतून डोकं काढून चालवतेय. ४०-४५ किलोमीटरला सव्वादोन तास! पोह्यांचा लगदा झाला, ते वेगळंच.

हीटर होता हो, पण मे महिन्यात पायाशी पाणी गळलं तेव्हा एका गॅरेजवाल्याने इंजिनातलं गरम पाणी हीटरमधून फिरवणाऱ्या दोन्ही नळ्या काढून इंजिनाकडच्या तोंडांना एक वाकडा पाइप जोडून दिला होता, म्हणजे हीटर बंदच. "कोर गया मैडम, गर्मी में हीटर कौन चलाता है?" कोर म्हणजे हीटरची छोटी जाळी, तिच्यातून गरम पाणी फिरतं आणि हवा तापते. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात मलाही ते पटलं.

तुम्ही मात्र बॉनेट उघडून पहिलं विचारलंत, "कोर गेला हे पाहिलं कुणी?" कुणीच नाही. तुम्ही कोरला बागेचा पाइप लावून हळूच पाणी सोडलंत. आधी चहासारखं आलं, मग नितळ. मग एक तोंड अंगठ्याने दाबून दुसरीकडून फुंकलंत आणि पायाखाली कोरा कागद पसरलात. अर्ध्या तासाने कागद कोरडाच! गळत होतं ते कडक झालेल्या रबराच्या टोकातून. रोडवेजच्या वर्कशॉपात घालवलेला जन्म असा उपयोगी पडतो.

कोरच्या तोंडावर जुन्या नळीचे तुकडे चिकटून बसले होते. मी पक्कड घेऊन ओढायला लागले तेव्हा तुम्ही ओरडलात, "अगं, ती पितळी नळी आहे, कोथिंबिरीची जुडी नाही!" मग ब्लेडने लांबीत चीर दिलीत आणि रबर भेंडीसारखं उलगडून आलं. मला हे कधी सुचलं नसतं, काका. तो पितळी तुकडा मोडला असता तर चांगला कोर खरंच गेला असता.

दुकानदाराने दिलेला साधा पाण्याचा पाइप तुम्ही परत पाठवलात. इंजिनातलं पाणी ८०-९० अंशांचं, शिवाय दाब. आत दोऱ्यांचं विणकाम असलेला हीटरचाच होज हवा. इंजिनाच्या हेडकडून, म्हणजे वरच्या भागाकडून, येणारं गरम पाणी कोरच्या खालच्या तोंडात, वरच्या तोंडातून पाण्याच्या पंपाकडे परत, म्हणजे अडकलेली हवा वर सरकते. होज आवळणाऱ्या क्लिपा तोंडाजवळच्या उंचवट्याच्या मागे. त्या चारही तुम्ही माझ्याकडूनच आवळून घेतल्यात, आणि रबर कापायला लागलं की हातावर टपली.

त्यानंतरची ती वीस मिनिटं मला फार आवडली. गाडीचं नाक रॅम्पवर चढवलेलं, इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढलेलं, हीटरचा कॉक पूर्ण उघडा, आणि रेडिएटरमधून हुक्क्यासारखी गुडगुड. एक बुडबुडा आला की थोडं कूलंट. गुडगुड थांबली, झाकण लावलं, ब्लोअर फिरवला. आधी धुळीचा वास, मग फटीतून दसऱ्याच्या हारातली वाळकी झेंडूची पाकळी उडून तुमच्या चष्म्यावर, आणि मग ऊन-ऊन वारा! काच खालून वर अशी साफ होत गेली, ओल्या फरशीवरून फडकं फिरावं तशी.

"बाहेरची हवा घे, आतलीच फिरवलीस तर पुन्हा काच रडेल," हे तुम्ही सांगितलेलं लक्षात आहे. काल भितरवारला जाऊन आले, वर्तमानपत्राची घडीसुद्धा मोडली नाही. इंजिन गार झाल्यावर क्लिपा पुन्हा तपासल्या. एक अर्धा आटा फिरली.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. संक्रांतीच्या गुळपोळ्या मुलाबरोबर पाठवते आहे, सोबत डॅशबोर्डात राहिलेला तुमचा लाल मुठीचा पेचकस. काकूंना म्हणावं, तूप वेगळ्या डब्यात आहे.

आपली,
चार घरं पलीकडची केटरिंगवाली