बाळाचं नाक ओढता, मग सातव्या वर्षी जबडा कोण बघणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या विश्रामबागेत काय नि मिरजेत काय, घरात बाळ झालं की न्हाऊ घालायला मावशी येतात आणि तेल लावून झालं की नाक ओढायचा कार्यक्रम असतोच, चिमटीत धरून, बाळ कोकलत असलं तरी, कारण पोरीचं नाक नकटं राहिलं तर पुढं कसं व्हायचं. मालिशला माझा विरोध नाही, पण नाकाचं हे काय पटत नाही. तान्ह्या बाळाचं नाक बसकं दिसतं कारण चेहऱ्याचा मधला भाग अजून वाढलेलाच नसतो. जन्मताना कवटी चेहऱ्याच्या जवळपास आठपट असते, मोठ्या माणसात तीच साधारण दुप्पट. मेंदू पाच-सहा वर्षांत 90 टक्क्यांच्या आसपास वाढून मोकळा होतो, चेहरा मात्र निवांत, पुढं आणि खाली सरकत वाढत राहतो, आणि मुलांचा खालचा जबडा तर मिसरूड फुटल्यावरही थांबत नाही, म्हणून दहावीच्या ग्रुप फोटोतलं पोरगं दोन वर्षांनी ओळखू येत नाही.

खालच्या जबड्याची तर गंमतच आहे. जन्मताना तो दोन तुकड्यांत असतो, हनुवटीपाशी वर्षभरात सांधतो. नंतर आपल्याला वाटतं हनुवटी पुढं वाढतीय, पण खरं काम कानाजवळ चाललेलं असतं, तिथं मागच्या बाजूला नवं हाड चढतं, पुढच्या बाजूचं झिजतं आणि मोकळ्या झालेल्या जागेत मागच्या दाढा येतात.

आता ज्या वयात खरं बघायला पाहिजे तेव्हा कुणी बघत नाही. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागं कायमची पहिली दाढ येते, एकही दात न पडता, त्यामुळं ती पण दुधाचीच समजून किडली तरी सोडून देतात. आणि दुधाची दाढ दुखायला लागली की "काढून टाका ओ डॉक्टर, नाहीतरी पडणारच आहे"! अहो ती 10-12 व्या वर्षापर्यंत जागा धरून बसलेली असते, लवकर काढली की मागची दाढ पुढं सरकते, मग खालून येणाऱ्या दाताला जागा नाही, आणि कॉलेजात गेल्यावर तारा लावायचा खर्च. याउलट सात-आठ वर्षांच्या पोरांच्या वरच्या दोन दातांत फट दिसली की आया उगाच घाबरतात, ती बहुतेक वेळा सुळे आले की आपोआप मिटते.

दुसरं म्हणजे तोंडानं श्वास. प्रत्येक वर्गात अशी दोन-चार पोरं असतातच, लिहिताना तोंड उघडं, ओठ सुकलेले, सारखी जीभ फिरवणार, वरचे दात पुढं. आपण म्हणतो "तोंड मिट रे, माशी जाईल". पण नाकामागं ॲडेनॉइड, म्हणजे टॉन्सिलसारखी गाठ, वाढलं असेल तर ते पोरगं मिटणार कसं? वर्षानुवर्षं असंच चाललं तर तोंडातला टाळू अरुंद आणि खोल होतो, चेहरा लांबट होत जातो. वरच्या जबड्याच्या मधला सांधा लहानपणी सैल असतो तोवर जबडा रुंद करता येतो, पंधरा-सोळानंतर तेच काम अवघड होऊन बसतं, कधी ऑपरेशनवर जातं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, त्यांची टीम वर्षातून एकदा शाळेत पोरं तपासायला येते, दाताचे आजार त्यांच्या यादीत आहेतच. माझी विनंती एवढीच की दुसरी-तिसरीच्या पोरांची नुसती कीड बघून पुढं ढकलू नका, दात चावायला लावून वरचे-खालचे बसतात का बघा आणि आईला विचारा, हा रात्री तोंड उघडं टाकून घोरतो का. सांगलीत डेंटल कॉलेजं आहेत, जूनच्या पालकसभेला तिथल्या शिकाऊ डॉक्टरांना मुख्याध्यापकांनी एक पत्र देऊन बोलवावं, आणि पालकसभेला आजीलाही आणा, दाढ काढायचा निर्णय बऱ्याच घरांत तीच घेते.

एक निवृत्त शिक्षिका,
विश्रामबाग, सांगली