खाच मधोमध पाडून देणाऱ्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

वागळे इस्टेटमधल्या तुमच्या गाळ्यात मी पहिल्यांदा आलो, तेव्हा पिशवीत पितळी नळी होती आणि डोक्यात तीन आठवड्यांचा वैताग. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी आम्ही मायक्रोवेव्ह टेस्ट बेंच बनवतो. त्यातली स्लॉटेड लाइन, म्हणजे लांब खाच पाडलेली धातूची नळी, जिच्या खाचेतून प्रोब (छोटी सुई) सरकवत आतल्या लहरी मोजतात, काही केल्या जमत नव्हती. टोकाला मॅच्ड लोड (लहर परत न पाठवता शोषून घेणारा भाग) लावला की प्रोब कुठेही सरकवा, मीटरचा काटा जवळपास स्थिर राहायला हवा. आमचा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चढतच जायचा. मी सोर्स बदलला, डिटेक्टरचे डायोड बदलले, केबली बदलल्या. नळीचा संशय आलाच नाही, कारण ड्रॉइंग बरोबर होतं.

तुम्ही नळी सरफेस प्लेटवर (मापं तपासायच्या सपाट पाटावर) ठेवलीत, डायल गेज फिरवलात आणि म्हणालात, "व्हाइसमध्ये (शिकंज्यात) दबलीय. भिंत वाकली, खाचही सरकली."

मग विचारलंत, खाच मधोमधच का हवी? एवढी वर्षं जॉब करून घेतोय, पण हा प्रश्न मला दुसऱ्या कोणी विचारला नव्हता. मी सांगितलं: नळीची आतली रुंदी 22.86 मिमी, उंची 10.16 मिमी. रुंद भिंतीच्या मध्यरेषेवर विद्युतप्रवाह लांबीच्याच दिशेने वाहतो, त्यामुळे तिथली अरुंद खाच त्याला कापत नाही. बाजूला सरकली की कापते आणि ऊर्जा बाहेर गळते.

"मग आतून आधार पाहिजे," एवढंच बोललात. ॲल्युमिनियमचा ठोकळा नळीत घट्ट बसेल असा घासलात. हलके कट घेतलेत. शेवटचा कट मात्र दुसऱ्या दिवसावर ठेवलात, कारण ओढून काढलेल्या नळीत ताण असतो, तो रात्रभरात सुटू दे म्हणालात. मी घाईत होतो, तरी तुम्ही ऐकलं नाहीत. बरं झालं. 10 गिगाहर्ट्झला प्रवाह धातूच्या जेमतेम मायक्रॉनभर थरातून वाहतो, तिथे बारीकशी बर (कापताना कडेला उरलेली धातूची कंगोरी) ही नडते. तुम्ही डोळ्याला भिंग लावून खाचेच्या दोन्ही कडांवरून नख फिरवत गेलात, अडखळलं तिथे थांबलात, पुन्हा फिरवलंत.

त्या संध्याकाळी काटा हलला नाही. टोक शॉर्ट केल्यावर (धातूने बंद केल्यावर) 10 गिगाहर्ट्झला लागोपाठच्या दोन मिनिमांमधलं, म्हणजे काटा सगळ्यात खाली येतो त्या जागांमधलं अंतर जवळजवळ 20 मिमी आलं, गणितात येतं तेवढंच. फोनवर तुमच्या मिलिंगच्या आवाजात मला नीट बोलता आलं नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. काका, मनापासून आभार.

ठोकळा जपून ठेवलाय. सोमवारी आणखी सहा नळ्या घेऊन येतो.