एम-टू कठीणच असू दे, पण नियम पहिल्या दिवशी हातात द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या गणिताबद्दल लिहितोय. निकाल लागले की आपल्याकडे हा विषय निघतोच, कुणी म्हणतं पेपर भयंकर होता, कुणी म्हणतं हल्लीची मुलं अभ्यासच करत नाहीत, आणि आठ दिवसांत सगळं थंड. माझ्या मुलीचा यंदा एम-टू, म्हणजे दुसऱ्या सेमिस्टरचा गणिताचा पेपर, राहिला. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण तिथल्या मॅडम जीव तोडून शिकवतात असं मुलगीच सांगते, आणि इतर कॉलेजांतल्या पालकांशी बोललो तर तिथेही थोडंफार हेच आहे.

आधीच सांगतो, गणित सोपं करा असं मला अजिबात म्हणायचं नाही. २०२१ मध्ये एआयसीटीईच्या, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, हँडबुकात बारावीला गणित नसलं तरी इंजिनिअरिंगला येता येईल, अशा मुलांसाठी युनिव्हर्सिटीने राहिलेलं गणित भरून काढणारा ब्रिज कोर्स घ्यावा असं आलं होतं, तेव्हाच मला ते पटलं नव्हतं. मी स्वतः डिप्लोमा केलेला, वेर्ण्याला मेंटेनन्समध्ये आहे. कंप्रेसरचं बेअरिंग आवाज करायला लागलं की आम्ही व्हायब्रेशन मीटर लावतो आणि स्क्रीनवर जे उंच-सखल काटे दिसतात ते म्हणजे फोरियरचंच गणित, एका गोंधळलेल्या आवाजातून कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती जोर आहे ते वेगळं काढलेलं. कुठला काटा बेअरिंगचा आणि कुठला शाफ्टचा हे ज्याला कळतं तो मशीन वेळेवर थांबवतो. त्यामुळे मुलांकडून भरपूर घासून घ्या, आठवड्याला वीस गणितं द्या, माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती नियमांची. पूर्ण सेमिस्टरमध्ये मार्क कसे वाटले जाणार हे कुणी कागदावर दिलं नाही. इंटरनल टेस्ट किती, असाइनमेंट किती, दोनपैकी बरी टेस्ट धरणार की दोन्हींची सरासरी, हे सगळं मुलं सिनिअरना विचारून अंदाजाने ठरवत होती. शिगमो झाल्यावर कळलं की उशिरा दिलेली फाईल घेणार नाहीत. टेस्टच्या चार दिवस आधी कळलं की कॅल्क्युलेटर चालणार नाही. पंचाहत्तर टक्के अटेंडन्सचं सगळ्यांना माहीत होतं, पण आजारी पडलं तर सर्टिफिकेट किती दिवसांत द्यायचं हे कळलं ते नोटीस बोर्डावर अटेंडन्स कमी असलेल्यांच्या नावांची यादी लागल्यावर, आणि माझी मुलगी तापाने आठवडाभर झोपून होती त्यामुळे तिचं नाव त्यात होतं. यातला एकही नियम चुकीचा नाही. पण तो ऑगस्टमध्ये किंवा जानेवारीत सांगायचा की परीक्षा तोंडावर आल्यावर?

दुसरी गोष्ट पेपरची. दुसऱ्या टेस्टचा पेपर ती घरी घेऊन आली आणि रात्री जेवणानंतर आम्ही दोघं तो घेऊन बसलो. डबल इंटिग्रलचं गणित होतं, आत ई चा वाय-स्क्वेअर घात, जो वायच्या बाजूने सरळ इंटिग्रेट होतच नाही, म्हणून ऑर्डर बदलायची असते, म्हणजे आधी एक्सच्या बाजूने करायचं आणि मग वायच्या. तिने त्रिकोण काढला होता, बरोबर काढला होता, आतला भाग शेडसुद्धा केला होता. एक्सची लिमिट शून्य ते वाय घ्यायची ती तिने वाय ते एक घेतली, म्हणजे तिरक्या रेषेच्या पलीकडचा दुसराच भाग धरला, आणि पुढचं सगळं त्या एका ओळीमुळे बिघडलं. पानावर लाल पेनाने एक मोठी फुली आणि शून्य, बाकी काहीच नाही. कुठे चुकलं हे शोधायला आम्हाला अर्धा तास लागला. शोधल्यावर तिने तेच गणित परत केलं तर आत सरळ एक वाय सुटा मिळतो आणि दोन ओळींत उत्तर येतं, ई वजा एक, आणि त्या सगळ्याला भागिले दोन. ती एकदम म्हणाली, "बाबा, हे तर मला येत होतं." तिच्या चेहऱ्याकडे बघून मला जे वाटलं ते इथे लिहिता येणार नाही. त्या चुकीच्या ओळीखाली कुणी नुसती एक रेघ मारली असती तरी फायनलला ती तिथे परत अडकली नसती, आणि फायनलला ती नेमकी तिथेच अडकली.

एआयसीटीईच्या मॉडेल करिक्युलममध्ये पहिल्या वर्षाच्या गणिताला आठवड्याला तीन लेक्चर आणि एक ट्युटोरियल आहे, चार क्रेडिट. तो ट्युटोरियलचा तास याच कामासाठी आहे, मुलांनी बसून गणितं करायची आणि शिकवणाऱ्याने वहीत डोकावून इथे चुकतंय म्हणून सांगायचं. प्रत्यक्षात मुलीच्या वर्गात त्या तासाला बहुतेक वेळा राहिलेला पोर्शन ओढला जायचा. मॅडमवर लोड आहे, वर्गात साठ-सत्तर मुलं आहेत, हे मलाही दिसतं. मग जागा भरा, नाहीतर एम.एस्सी.च्या मुलांना वह्या तपासायला घ्या, पण तो तास वाचवा. झुआरीनगरच्या बिट्स या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रत्येक विषयाचा हँडआऊट सेमिस्टरच्या सुरुवातीलाच देतात, त्यात काय शिकवणार, कुठल्या टेस्टला किती वजन, टेस्ट चुकली तर मेकअपचं, म्हणजे परत टेस्ट देण्याचं, काय हे सगळं असतं. एक-दोन पानांचा कागद आहे, त्याला काही करोडोंचा खर्च नाही.

त्याच कागदावर मोबाईलचंही लिहा. आज फोटो काढला की ॲप पायऱ्यांसकट गणित सोडवून देतं आणि अर्धी असाइनमेंट तिथूनच उतरते, हे सगळ्यांना माहीत असूनही कुणी बोलत नाही. मित्रांबरोबर चर्चा चालेल, पण लिहायचं स्वतः, आणि विचारलं तर फळ्यावर करून दाखवायचं, एवढं स्पष्ट लिहिलं तरी पुष्कळ फरक पडेल.

आपली कितीतरी मुलं सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून आलेली आहेत. माझीही त्यातलीच. गणितात ती कुणाला हार जाणार नाही, पण तोंडी इंग्रजीत भराभर सांगितलेला नियम तिच्या कानावरून जातो, लिहिलेला जात नाही. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या मुलांचं तर आणखी कठीण, त्यांना पहिल्या वर्षाचं गणित मिळतच नाही आणि पहिल्याच महिन्यात एम-थ्री समोर उभं राहतं. कुठले चॅप्टर येत असायला हवेत हे त्यांना ॲडमिशनच्या दिवशीच सांगा, म्हणजे पावसाळ्याच्या सुट्टीत निदान वही तरी उघडतील.

गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ साली आपल्या गोव्यात जन्मले. त्यांनी १९४३ मध्ये मांडलेलं गणित आज जगभर इमेज आणि सिग्नल प्रोसेसिंगमध्ये वापरतात, बऱ्याच पुस्तकांत ते नंतरच्या कारहुनेन आणि लोएव यांच्याच नावाने येतं, आणि त्याच्या मुळाशी मॅट्रिक्सच्या धड्यातले तेच आयगन व्हॅल्यू आहेत जे आपली मुलं पहिल्या वर्षाला पाठ करून विसरतात. त्यांच्या नावाने पणजीत व्याख्यानं होतात, आम्ही जाऊन ऐकतोसुद्धा, पण वर्गातल्या त्याच गणिताकडे मात्र लक्ष देत नाही.

पुढचं सेमिस्टर आता सुरू होईल. निदान गणितापुरता तरी हा कागद पहिल्या आठवड्यात वाटावा, आणि तपासलेला प्रत्येक पेपर चूक दाखवून पुढच्या टेस्टच्या आधी मुलांच्या हातात यावा, एवढी विनंती सगळ्या कॉलेजांच्या प्राचार्यांना आणि गोवा युनिव्हर्सिटीला आपल्या दैनिकातून करतो. मुलीचा एम-टूचा पेपर परत आहे, ती रोज सकाळी बस पकडायच्या आधी दोन गणितं करते.

आपला,
एक पालक, डिचोली