तालुक्याला हवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी दुसरीला शिकवते. वर्गातला एक मुलगा पेन्सिल इतकी दाबून धरायचा की वही फाटायची. चार ओळींत हात दुखून रडायचा. आम्ही त्याला ‘आळशी’ ठरवून मोकळे झालो होतो, याचं आज वाईट वाटतं.

तालुक्याच्या तपासणी शिबिरात एका ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे लिहिणं, बसणं, जेवणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून उपाय आणि सराव सांगणाऱ्या तज्ज्ञाने, त्याला आधी नीट बसवलं. बाक उंच असल्याने पाय लोंबकळत होते, ते लाकडी पाटावर टेकवले. पेन्सिलीला जाड रबर चढवलं. लिहिण्याआधी कणीक मळायला, चिमटे लावायला सांगितलं. दोन महिन्यांत तो फळ्यावरचं पूर्ण वाक्य उतरवू लागला. पण त्या ताई पुन्हा आल्याच नाहीत. पुढचं कोणाला विचारायचं?

दिव्यांग हक्क कायदा 2016 सालचा. त्यात 21 प्रकारची दिव्यांगता आहे, अध्ययन अक्षमताही (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण) आहे. विशेष शिक्षक मनापासून राबतात, पण शिकवणं आणि हातापायांचं, बसण्याचं, जेवणाच्या डब्याचं झाकण उघडण्याचं तंत्र बसवणं ही वेगळी कामं आहेत. शिक्षण विभागाने तालुक्याला किमान एक थेरपिस्ट कायम नेमावा, तो महिन्यातून एकदा तरी शाळांच्या प्रत्येक केंद्रात (जवळच्या शाळांच्या गटात) यावा.

– एक प्राथमिक शिक्षिका, जुन्नर (जि. पुणे)