ट्रायपॉडच्या खोक्यावरचे आकडे फसवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या तोंडावर वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत कॅमेरा-खरेदीचे तक्ते येतात. त्यात ट्रायपॉडच्या वाट्याला तीनच आकडे येतात: किंमत, कमाल उंची आणि ‘इतके किलो पेलतो’. सात-आठ हजारांच्या पलीकडे जाऊ न शकणारा नवशिका तेच पाहून मुंबईतल्या कॅमेऱ्यांच्या बोरा बाजारात जातो. ट्रायपॉड हलतो की स्थिर राहतो, हे मात्र या तिन्हींतून कळत नाही. म्हणून हे पत्र.

आधी किलोचा आकडा. तो कसा मोजायचा, याचे सर्व कंपन्यांना बांधील असे एक मानक नाही. आठ किलो लिहिले म्हणजे तेवढ्याने पाय बसणार नाहीत, एवढाच अर्थ घ्यावा. फोटो स्पष्ट येण्याची ती हमी नव्हे. कॅमेरा आणि सर्वांत जड लेन्स यांच्या वजनाच्या निदान तिप्पट आकडा असलेलाच ट्रायपॉड पाहावा. शिवडीच्या खाडीवर फ्लेमिंगो टिपायला 150-600 मिमीची लेन्स न्यायची असेल, तर ती एकटीच सुमारे दोन किलोची असते, हे लक्षात असू द्यावे.

उंचीचा आकडा याहून फसवा, कारण तो बहुधा मधला दांडा पूर्ण वर ओढून मोजलेला असतो. दांडा वर गेला की कॅमेरा तीन पायांवर न राहता एका काठीच्या टोकावर डोलू लागतो. म्हणून दांड्याशिवायची उंची विचारावी. 165 सेंमी उंचीच्या माणसाचे डोळे साधारण 153 सेंमीवर असतात. त्यातून हेडचे (पायांवर बसणारा, कॅमेरा धरून वळवणारा भाग) दहा आणि कॅमेऱ्याच्या तळापासून व्ह्यूफाइंडरपर्यंतचे सात-आठ सेंमी वजा केले, की नुसत्या पायांची 135 सेंमी उंची पुरते. मागचा पडदा वळणारा असेल तर 125 सेंमीतही काम भागते.

खरे मर्म पायांच्या जाडीत आहे. नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास निम्मा केला, तर वाकण्याला होणारा तिचा विरोध जवळजवळ आठव्या हिश्शावर येतो. पाच टप्प्यांचा, म्हणजे प्रत्येक पायात एकीत एक सरकणाऱ्या पाच नळ्या असलेला ट्रायपॉड मिटून 40 सेंमीचा होतो, लोकलच्या गर्दीत पाठपिशवीत मावतो, पण त्याचा शेवटचा टप्पा पेन्सिलीहून थोडाच जाड असतो. कमी पैशांत तीन किंवा फार तर चार टप्प्यांचा, वरची नळी 25 मिमीच्या आसपास असलेला ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड घ्यावा. तो मिटून 50-60 सेंमी राहतो आणि खांद्याला अडकवावा लागतो, पण ही गैरसोय पत्करण्यासारखी आहे. कार्बन फायबर हलके असते आणि थरथर लवकर शमवते हे खरे. मात्र स्वस्त, बारीक कार्बनपेक्षा त्याच किमतीतले जाड ॲल्युमिनियम बरे. पायांना मध्यावर जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या आडव्या पट्ट्या असलेले दीड-दोन हजारांचे ट्रायपॉड मोबाइलपुरते ठीक आहेत. त्या पट्ट्यांमुळे पाय वेगवेगळ्या कोनांत ठेवता येत नाहीत, त्यामुळे मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर किंवा पायऱ्यांवर ते उभेच राहत नाहीत.

हलक्या ट्रायपॉडचा दोष लगेच लक्षात का येत नाही, याचेही कारण आहे. राणीच्या रत्नहाराचा, म्हणजे मरीन ड्राइव्हच्या दिव्यांच्या रांगेचा, रात्रीचा फोटो 20 सेकंदांचा असतो. बटण दाबल्यावर सेकंदभर थरथर झाली, तरी ती एकूण वेळेचा विसावा भाग. ती फोटोत दिसत नाही. तोच ट्रायपॉड संध्याकाळी 200 मिमीच्या लेन्सखाली, 1/8 सेकंदाला ठेवला की सागरी सेतूच्या तारा दुहेरी येतात. दोष लेन्सला दिला जातो.

हेड कामाप्रमाणे निवडावे. चटकन कोन बदलायचा तर गोळ्यावर सर्व दिशांना फिरणारे बॉल हेड. सीएसएमटीसारख्या इमारतीच्या उभ्या-आडव्या रेषा सरळ ठेवायच्या तर प्रत्येक दिशेला वेगळी मूठ असलेले पॅन-टिल्ट हेड, कारण त्यात एक दिशा हलवताना दुसरी बिघडत नाही. स्वस्त बॉल हेडचा ठरलेला दोष म्हणजे घट्ट केल्यावर फोटोची चौकट किंचित खाली सरकणे. डीएसएलआर आणि 70-200 मिमीच्या लेन्सला बॉल हेडचा गोळा निदान 36 मिमीचा हवा. स्वस्त व्हिडिओ हेडवरच्या ‘फ्लुइड’ (आतल्या घट्ट द्रवामुळे संथ फिरणारे) या शब्दावर जाऊ नये. आत बहुधा नुसते ग्रीस असते आणि फिरवायला सुरुवात करताना झटका बसतो. सगळे पैसे एकदम नसतील तर आधी चांगले पाय घ्यावेत, हेड नंतर बदलता येते. अर्थात त्यासाठी हेड सुटे होणारे हवे. पाय आणि हेड यांच्यातला स्क्रू बहुधा 3/8 इंचाचा असतो, कॅमेऱ्याच्या तळाचा 1/4 इंचाचा. कॅमेऱ्याच्या तळाला लावून हेडमध्ये अडकवायची प्लेट आर्का-स्विस या सर्रास चालणाऱ्या पद्धतीची, सुमारे 38 मिमी रुंद असावी. ती हरवली तर दुसऱ्या कंपनीची सहज मिळते. एखाद्याच कंपनीची वेगळी प्लेट हरवली, की चांगले हेड पडून राहते.

दुकानात आपला कॅमेरा आणि सर्वांत लांब लेन्स नेऊन पाहावे. दांडा खाली ठेवून सगळे टप्पे उघडावेत, लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे थेट चित्र, दहापट मोठे करावे आणि पायावर बोटाने टिचकी मारावी. चित्र सेकंदभरात स्थिर झाले तर ठीक, तीन सेकंद डोलत राहिले तर तो ट्रायपॉड परत द्यावा. मग हेड जिथे बसते ती वरची बैठक दोन्ही हातांनी पिळून पाहावी आणि प्रत्येक पायावर वरून जोर द्यावा. टप्पे पकडणारे लॉक घसरता कामा नये. जुना ट्रायपॉड घेण्यात काही कमीपणा नाही, उलट त्याच पैशांत जाड पाय मिळतात. क्लिपचे लॉक सैल असेल तर बहुधा ॲलन (षटकोनी) पान्याने आवळता येते. पाय जिथे एकत्र येतात त्या भागाला तडा असेल, तर मात्र कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

वरळीच्या वाऱ्यात दांड्याच्या हुकाला पिशवी अडकवताना ती जमिनीला टेकेल अशी ठेवावी. लोंबकळती पिशवी स्वतःच झोके घेते. कॅमेऱ्याचा गळ्यात अडकवायचा पट्टाही काढावा. वाळूत किंवा पाण्यात सर्वांत खालचा टप्पा आधी पूर्ण उघडावा, म्हणजे लॉक वर राहते. घरी आल्यावर पाय गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून, उघडेच वाळवावेत. खारे पाणी आत राहिले तर स्क्रू गंजतात आणि नळ्यांवर पांढरी भुकटी धरते. बॉल हेडच्या गोळ्याला तेल कधीही लावू नये, तो धरतच नाही.

आपल्या पुरवणीला विनंती एवढीच, की पुढच्या तक्त्यात किंमतीशेजारी दांड्याशिवायची उंची, मिटल्यावरची लांबी, सर्वांत खालच्या नळीचा व्यास आणि प्लेटचा प्रकार हे चार रकाने द्यावेत. व्यास खोक्यावर छापलेला नसला, तरी व्हर्निअर कॅलिपरने मिनिटभरात मोजता येतो.

आपला,
एक वाचक, गिरगाव, मुंबई