घाट उतरण्याबद्दलही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत डोंगरवाटांवरच्या सहलींचे सुंदर लेख नेहमी येतात. तेच वाचून आम्ही चौघी मैत्रिणींनी गेल्या महिन्यात स्वतः गाडी चालवत डोंगरात जायचे ठरवले. पहाटे माथ्यावर पोहोचलो तेव्हा ढग आमच्या खाली दरीत साचले होते आणि वर लख्ख ऊन होते. एरवी एकमेकींना बोलू न देणाऱ्या आम्ही चौघी कितीतरी वेळ कठड्याला टेकून गप्प उभ्या होतो. हे सुख त्या लेखांमुळे मिळाले, याबद्दल मनापासून आभार. मात्र त्या लेखांत चढण असते, माथा असतो, सूर्यास्त असतो; उतरण कधीच नसते. हे पत्र त्यासाठी आहे.

परतताना सलग उतार होता. गाडी खालच्या गिअरमध्ये असल्याने इंजिनचा आवाज चढला, तेव्हा मागे बसलेल्या आम्हीच "वरचा गिअर टाक ना, किती घरघर करतेय" असे म्हणालो, आणि गाडी चालवणाऱ्या मैत्रिणीने ते ऐकले. पुढे वेग आवरण्याचे सगळे काम ब्रेकवर आले. थोड्या वेळाने करपल्यासारखा वास येऊ लागला. तो पुढच्या ट्रकचा असावा असे आम्हाला वाटले. मग ती हळू आवाजात म्हणाली, "पेडल खाली जातंय." तिने घाबरून न जाता एकेक गिअर खाली आणला आणि शेवटी हँडब्रेक बेताने ओढत रुंद जागी गाडी उभी केली. पुढच्या चाकाजवळ हात नेला तर धग लागत होती. आम्ही त्यावर पाण्याची बाटली ओतणारच होतो, तोच मागून येऊन थांबलेल्या एका ट्रकचालकाने अडवले. ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडले तर तिला तडा जाऊ शकतो, हे आम्हाला ठाऊक नव्हते. "ताई, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा," इतकेच सांगून तो पुढे गेला.

दीड टन वजनाची गाडी १००० मीटर खाली उतरते, तेव्हा चाळीस-पंचेचाळीस लिटर पाण्याला उकळी आणता येईल एवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. खालच्या गिअरमध्ये राहून इंजिनला त्यातला वाटा उचलू दिला नाही, तर जवळजवळ सगळी उष्णता ब्रेकमध्ये साठते. त्यातच पेडलचा जोर चाकांपर्यंत पोहोचवणारे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. नवे डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. पायाचा जोर ती वाफ दाबण्यातच खर्च होतो आणि पेडल मऊ लागते. म्हणून घाटात जाण्यापूर्वी ऑइल तपासून घेणे, ते जुने असल्यास बदलणे, हे टायरमधली हवा पाहण्याइतकेच गरजेचे आहे.

इंधन वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारेही पुष्कळ आहेत. आजच्या इंजेक्शन पद्धतीच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनपुरवठा सहसा बंदच होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळत राहते. म्हणजे त्यात बचतही नाही. ऑटोमॅटिक गाड्यांतही बहुधा खालच्या गिअरची सोय असते, पण अनेकांनी ती एकदाही वापरून पाहिलेली नसते.

आम्हा चौघींकडे वीस वर्षांहून जुने परवाने आहेत, आणि तरीही लांब उतार कसा उतरावा हे आम्हाला कोणी कधी शिकवले नव्हते. वाहन शिकवणाऱ्यांनी हा धडा द्यायलाच हवा. तोवर आपण एक करावे, अशी कळकळीची विनंती आहे: घाटवाटेवरच्या प्रत्येक लेखासोबत एक छोटी चौकट छापावी. उतार साधारण किती किलोमीटरचा आहे, तो कोणत्या गिअरमध्ये उतरावा आणि ब्रेक निवायला गाडी सुरक्षितपणे कुठे थांबवता येईल, एवढे तीत असले तरी पुरे. शक्य झाल्यास मागे बसणाऱ्यांसाठीही एक ओळ असावी, की इंजिनची ती घरघर कानाला नकोशी वाटली तरी चालवणाऱ्याला गिअर बदलायला सांगू नये.

आपली,
एक नियमित वाचक